फोनवर एन्क्रिप्टेड ऑफिस मेल: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

ऑफिसचे एन्क्रिप्टेड, म्हणजे मजकूर कुलूपबंद करून पाठवलेले, मेल फोनवर वाचता येतात का, या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असे आहे. मात्र हे ‘हो’ ज्या अटींवर अवलंबून असते, त्या अटी अ‍ॅपच्या माहितीत क्वचितच सांगितलेल्या असतात. माझ्या कामात करारनामे, पगारविषयक कागद आणि ग्राहकांनी विश्वासाने पाठवलेली माहिती यांची रोजची ये-जा असते आणि त्यातील बराच भाग एन्क्रिप्ट होऊनच येतो. गेले काही महिने हे मेल मी ऑफिसने दिलेल्या अँड्रॉइड फोनवर आणि स्वतःच्या आयफोनवर अशा दोन्हीकडे वाचत आहे. या काळात झालेले मत सुरुवातीलाच नोंदवते: मेल उघडतो की नाही हे अ‍ॅपच्या दर्जापेक्षा तुमची खासगी किल्ली, म्हणजेच मेल उघडणारी प्रायव्हेट की, कुठे ठेवली आहे यावर ठरते. अ‍ॅप बदलून हा प्रश्न सुटत नाही, आणि बहुतेक जण नेमके तेच करत बसतात.

ऑफिसच्या व्यवहारात सर्वाधिक आढळणारा प्रकार एस/माइमचा, म्हणजे सर्टिफिकेट आणि किल्ल्यांच्या जोडीने मेल बंद करण्याच्या व उघडण्याच्या पद्धतीचा. तयारी न केलेल्या फोनवर असा मेल आला की मजकुराची जागा रिकामी दिसते आणि खाली ‘एसमाइम.पी७एम’ नावाची एक अटॅचमेंट असते. ती उघडण्याचा कितीही प्रयत्न केला तरी काही होत नाही, आणि मेल खराब झाला असावा असे समजून लोक पाठवणाऱ्याला तो पुन्हा पाठवायला सांगतात. वास्तविक मेल व्यवस्थितच असतो. पाठवणाऱ्याने तो तुमच्या सर्टिफिकेटातील (तुमची ओळख पटवणाऱ्या डिजिटल दाखल्यातील) सार्वजनिक किल्लीने बंद केलेला असतो आणि तो उघडणारी खासगी किल्ली केवळ ऑफिसच्या संगणकावर असते. ती किल्ली फोनवर आणल्याखेरीज जगातले कोणतेही अ‍ॅप तो मेल वाचू शकणार नाही, आणि तसे ते वाचू शकले असते तर एन्क्रिप्शनला काही अर्थच उरला नसता.

किल्ली फोनवर आणण्यासाठी सर्टिफिकेट आणि खासगी किल्ली एकत्र असलेली ‘पी१२’ किंवा ‘पीएफएक्स’ प्रकारची फाइल लागते आणि तिला स्वतःचा पासवर्ड असतो. आयफोनवर ही फाइल उघडली की ‘प्रोफाइल डाउनलोड झाले’ अशी सूचना येते. त्यानंतर सेटिंगमध्ये जाऊन ते प्रोफाइल स्वतः बसवावे लागते, आणि ८ मिनिटांत बसवले नाही तर ते आपोआप काढून टाकले जाते. पासवर्ड शोधण्यात वेळ घालवणाऱ्याला ‘मघाशी तर प्रोफाइल दिसत होते, आता कुठे गेले’ असा जो प्रश्न पडतो, त्याचे उत्तर या ८ मिनिटांत आहे. त्यानंतर मेल खात्याच्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये सही करण्यासाठी आणि एन्क्रिप्ट करण्यासाठी ते सर्टिफिकेट निवडले की काम संपते.

या टप्प्यावरची एक अडचण तपशिलाने सांगण्यासारखी आहे, कारण तिने आमच्या विभागातील अनेकांचा वेळ खाल्ला. पी१२ फाइलचा पासवर्ड अक्षरन् अक्षर बरोबर टाकूनही फोन ‘पासवर्ड चुकीचा आहे’ असे सांगत राहतो आणि तीच फाइल, त्याच पासवर्डने, संगणकावर विनातक्रार उघडते. त्याचे कारण पासवर्डमध्ये नसून फाइल बनवण्याच्या पद्धतीत असते. ओपनएसएसएल या सर्टिफिकेट-फाइली बनवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या २०२१ मध्ये आलेल्या ३.० आवृत्तीपासून अशा फाइली डीफॉल्टने नव्या, अधिक मजबूत पद्धतीने बंद केल्या जातात. जुन्या फोन-प्रणालींना ती पद्धत ओळखता येत नाही आणि ‘हा प्रकार मला कळत नाही’ असे सांगण्याऐवजी त्या पासवर्डला दोष देतात. आयटी विभागाने तीच फाइल ‘लेगसी’ (जुन्या पद्धतीचा) पर्याय वापरून पुन्हा बनवून दिली की ती पहिल्याच प्रयत्नात स्वीकारली जाते. जुन्या पद्धतीचे संरक्षण दुबळे असल्यामुळे अशी फाइल काम झाल्यावर फोनवर किंवा मेलबॉक्समध्ये पडू देऊ नये, आणि पासवर्ड त्याच मेलमध्ये तर मुळीच पाठवू नये.

अँड्रॉइडवर वाट थोडी वेगळी आहे. फोनला स्क्रीन लॉक असल्याशिवाय सर्टिफिकेट बसवता येत नाही, ही अट योग्यच आहे. बसवताना ते कशासाठी हवे आहे असे विचारले जाते. तिथे वाय-फायचा पर्याय निवडला तर मेल अ‍ॅपला ते दिसत नाही, त्यामुळे व्हीपीएन आणि अ‍ॅपसाठीचा पर्याय घ्यावा लागतो. ऑफिसच्या फोनमध्ये वर्क प्रोफाइल, म्हणजे ऑफिसच्या कामासाठी वेगळा ठेवलेला कप्पा, असेल, तर वैयक्तिक बाजूला बसवलेले सर्टिफिकेट ऑफिसच्या बाजूच्या अ‍ॅपला सापडत नाही, कारण दोन्ही बाजूंचे किल्ल्यांचे साठे स्वतंत्र असतात. ज्या संस्थांमध्ये फोनचे व्यवस्थापन केंद्रीय पद्धतीने होते, तिथे आयटी विभाग सर्टिफिकेट थेट वर्क प्रोफाइलमध्ये ढकलू शकतो आणि वापरणाऱ्याला यातील काहीच करावे लागत नाही. शक्य असेल तर हाच मार्ग मागून घ्यावा, असे मी आग्रहाने सांगेन.

अ‍ॅपची निवड यानंतर येते. आयफोनचे मूळ मेल अ‍ॅप एस/माइम हाताळते. आउटलुक दोन्ही प्रकारच्या फोनवर ते हाताळते, पण खात्याच्या सुरक्षा सेटिंगमध्ये ते आधी चालू करावे लागते. जीमेलमध्ये ही सोय गूगल वर्कस्पेसच्या ठरावीक योजनांपुरती आहे आणि तिथे किल्ल्या गूगलच्या सर्व्हरवर ठेवल्या जातात. ही व्यवस्था आपल्या संस्थेला चालते का, हे आधी विचारून घेणे बरे.

एकदा घडी बसली की रोजचा वापर इतका सहज होतो की मेल एन्क्रिप्टेड आहे हे कुलपाच्या लहानशा चिन्हावरूनच कळते. तरीही दोन गोष्टी सतत जाणवतात. पहिली म्हणजे शोध. सर्व्हरला मजकूर वाचता येत नाही, त्यामुळे सर्व्हरवर होणारा शोध एन्क्रिप्टेड मेलच्या आत पोहोचत नाही. करारातील एखादे कलम आठवते, पण ते कोणत्या मेलमध्ये होते हे फोनवर शोधून सापडत नाही. दुसरी गोष्ट विषयाच्या ओळीची. रूढ एस/माइममध्ये विषय, पाठवणारा, घेणारा आणि वेळ हे सारे उघडेच राहते. आमच्याकडे एक वरिष्ठ असे आहेत की ते मजकूर काटेकोरपणे एन्क्रिप्ट करतात आणि विषयात कर्मचाऱ्याचे नाव, पगाराचा आकडा आणि निर्णय असे सगळे लिहून मोकळे होतात. मग ते सारे बंद पडद्याच्या फोनवर सूचनेत झळकते. विषयात फक्त प्रकरण क्रमांक लिहायचा असा संकेत आम्ही आता पाळतो. त्यामुळे गुप्तता राहते आणि शोधायलाही एक धागा मिळतो.

दुसरा प्रकार लिंकवरून उघडण्याच्या मेलचा, आणि माझी खरी तक्रार याच प्रकाराबद्दल आहे. मजकुराऐवजी ‘तुम्हाला सुरक्षित संदेश आला आहे’ अशी सूचना, एक बटण किंवा एचटीएमएल अटॅचमेंट, आणि पुढे वेबपानावर ओळख पटवणे असा त्याचा क्रम असतो. मायक्रोसॉफ्टच्या पद्धतीत दोन्ही बाजूंची खाती मायक्रोसॉफ्ट ३६५ ची असतील तर असा मेल आउटलुकमध्ये जागच्या जागी उघडतो; इतरांना खात्याने साइन इन करावे लागते किंवा १५ मिनिटे चालणारा एकदाच वापरायचा कोड मागवावा लागतो. इतर कंपन्यांच्या अशा सेवाही साधारण याच वळणाच्या असतात. संगणकावर यात काही अवघड नाही. फोनवर मात्र एका पुरवठादाराच्या सेवेकडून येणारे मेल उघडताना मेल अ‍ॅपच्या पोटातच एक छोटा ब्राउझर उघडतो, कोड त्याच मेलबॉक्समध्ये येतो, तो पाहण्यासाठी मागे जावे तर ब्राउझर बंद होतो, आणि कोड हातात असताना तो टाकायची जागाच उरलेली नसते. पान आधी फोनच्या मुख्य ब्राउझरमध्ये उघडून घ्यायचे आणि मगच कोड मागवायचा, हा यावरचा उपाय. सूचनेच्या पट्टीत दिसणारा कोड तिथूनच वाचून टाकला तर अ‍ॅप बदलावेही लागत नाही.

सोयीपलीकडचा मुद्दा सुरक्षिततेचा आहे. कोड ज्या मेलबॉक्समध्ये संदेशाची सूचना येते त्याच मेलबॉक्समध्ये येत असेल, तर मेलबॉक्स ज्याच्या हाती, त्याच्या हाती संदेशही आला. एस/माइममध्ये मेलबॉक्सचा पासवर्ड चोरीला गेला तरी खासगी किल्ली नसलेल्या चोराला एन्क्रिप्टेड मेलचा मजकूर वाचता येत नाही. हा फरक मोठा आहे, पण दोन्हींना ‘एन्क्रिप्टेड मेल’ हेच नाव असल्यामुळे तो लपून राहतो. शिवाय ‘बटण दाबा आणि साइन इन करा’ ही नेमकी तीच कृती आहे, जी करू नका असे प्रत्येक सुरक्षा प्रशिक्षणात आम्हाला सांगितले जाते. फोनच्या अरुंद पडद्यावर पत्त्याची पट्टी अर्धीच दिसत असल्याने खरे पान आणि बनावट पान यांतला फरक ओळखणे आणखी कठीण जाते. पाठवणाऱ्याला मेलची मुदत ठरवता येते आणि घेणाऱ्याकडे सर्टिफिकेट नसले तरी चालते, हे या प्रकाराचे गुण मला मान्य आहेत; बाहेरच्या व्यक्तीला एखाददुसरा कागद पाठवायला तो ठीक आहे. रोजच्या पत्रव्यवहारासाठी तो मला पटलेला नाही.

पीजीपी या तिसऱ्या प्रकाराबद्दल, म्हणजे वापरणाऱ्यांनी स्वतः बनवलेल्या आणि सांभाळलेल्या किल्ल्यांवर चालणाऱ्या पद्धतीबद्दल, थोडक्यातच लिहिते, कारण माझ्याकडे ते मेल मोजक्या तांत्रिक लोकांकडूनच येतात. अँड्रॉइडवर के-नाइन मेल आणि त्याच पायावर २०२४ मध्ये आलेले थंडरबर्ड ही अ‍ॅप किल्ल्या सांभाळणाऱ्या ओपनकीचेनच्या जोडीने हे काम नीट करतात. आयफोनच्या मूळ मेल अ‍ॅपला पीजीपी येत नाही, वेगळे अ‍ॅप घ्यावे लागते. किल्ल्यांची देवघेव आणि पडताळणी स्वतः करण्याची सवय असलेल्यांसाठी ही पद्धत चांगली आहे. संपूर्ण विभागावर ती लादू नये.

एस/माइम असो की पीजीपी, फोनवर बाहेरच्या प्रतिमा आपोआप उतरवून घेण्याची सोय बंद ठेवावी. मे २०१८ मध्ये उघड झालेल्या ‘ईफेल’ या त्रुटीत उकललेला मजकूर बाहेरच्या प्रतिमेच्या पत्त्यात गुंफून हल्लेखोराकडे पोहोचवता येत असे. अ‍ॅपनी त्यानंतर दुरुस्त्या केल्या, तरी ही सेटिंग बंद ठेवण्याने काही बिघडत नाही. अटॅचमेंटबाबतही तेच: ती अ‍ॅपमध्येच पाहावी. डाउनलोड केली की उकललेली प्रत फोनच्या फोल्डरमध्ये जाते, तिथून क्लाउड बॅकअपमध्येही जाऊ शकते, आणि त्या प्रतीवर एन्क्रिप्शनची सावलीही नसते.

वाचण्यापेक्षा उत्तर देणे अधिक नाजूक आहे. एन्क्रिप्ट करून पाठवण्यासाठी प्रत्येक प्राप्तकर्त्याचे सर्टिफिकेट लागते. संस्थेतील लोकांचे ते ऑफिसच्या निर्देशिकेतून मिळू शकते. बाहेरच्या व्यक्तीने सही केलेला मेल पाठवला की त्यातून ते बसवून घेता येते. आयफोनवर सर्टिफिकेट असलेल्या नावाजवळ निळे कुलूप आणि नसलेल्याजवळ लाल चिन्ह दिसते. ‘रिप्लाय ऑल’ करताना प्रतीमध्ये (सीसीमध्ये) असलेल्या एकाच व्यक्तीचे चिन्ह लाल असले, की घाईत मेल साधाच पाठवण्याचा मोह होतो आणि मूळ एन्क्रिप्टेड मजकूर खाली जोडला जाऊन उघड्यावर जातो. म्हणून असे चिन्ह दिसले की मी उत्तर संगणकावर लिहिण्यासाठी ठेवते.

सर्टिफिकेटची मुदत संपल्यावर नवे येते, पण जुने मेल जुन्याच किल्लीने उघडतात. नूतनीकरणानंतर फोनवर केवळ नवे सर्टिफिकेट ठेवले तर कालपर्यंत वाचता येणारे सारे मेल पुन्हा ‘पी७एम’ होऊन बसतात. म्हणून दोन्ही फोनवर जुने आणि नवे असे दोन्ही संच ठेवणे भाग आहे. अँड्रॉइड फोन बदलताना या किल्ल्या नव्या फोनवर आपोआप येत नाहीत, त्यामुळे मूळ पी१२ फाइल सुरक्षित ठिकाणी असलीच पाहिजे. फोन हरवला तर सर्टिफिकेट रद्द केल्याने पुढचा गैरवापर थांबतो, पण त्या किल्लीने आधीचे मेल उघडणे मात्र थांबत नाही. तिथे मजबूत स्क्रीन लॉक आणि फोन दुरून पुसून टाकण्याची सोय हाच आधार असतो. माझ्या आयफोनवर ऑफिसची ही सोय नव्हती, आणि ती बसवल्याशिवाय वैयक्तिक फोनवर किल्ली ठेवू देऊ नये, असे आयटी विभागाला मी लेखी कळवले आहे.