सात महिने कॅसेटवाला टीव्ही गेम: घरात जुना, पिक्चर ट्यूबचा डबा टीव्ही असेल तर जरूर घ्या

गेल्या दिवाळीत कॅसेट लावून खेळायचा टीव्ही गेम घेतला. आत निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या फॅमिकॉम या गेम मशीनचीच नक्कल आहे. मूळ मशीन १९८३ मध्ये जपानात आलं. नव्वदीत आमच्या गल्लीत पोचली तीही अशीच नक्कल. आईने पेटीत जपलेल्या माझ्या जुन्या कॅसेट यात बसतात, म्हणून घेतला.

पहिला महिना वाईट गेला. एलसीडीला पिवळी-पांढरी वायर जोडली, मारिओ लावला आणि पहिल्याच खड्ड्यात पडलो. परत पडलो. बटण दाबलं की उडी किंचित उशिरा. वाटलं, हातच गेला आपला. पण नवे टीव्ही हे जुनं चित्र आधी आपल्या मापात बसवून घेतात, मग दाखवतात, त्यात वेळ जातो. टीव्हीतला गेम मोड लावून थोडा फरक पडला, पुरेसा नाही. टीव्हीवर नेम धरायची खेळण्यातली बंदूक तर चालतच नाही. डक हंट या बदकं टिपायच्या गेममध्ये घोडा ओढला की स्क्रीन क्षणभर काळी होते, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो आणि तो उजेड बंदूक टिपते. हे सगळं डबा टीव्हीच्या वेळेवर बेतलेलं.

शेवटी गावाहून आईकडचा २१ इंची डबा आणला. मारिओ बोटाबरोबर उडाला! हे गेम अवघड आहेत, पण रडीचा डाव खेळत नाहीत. कॉन्ट्रा या गोळीबाराच्या गेममध्ये तीन जीव, एक गोळी लागली की मेलात, सेव्ह करायची सोय नाही. तरी प्रत्येक गोळी येताना दिसते.

बाकी थोडक्यात. सोबतच्या 'चारशे गेम'मध्ये तेच ते गेम नावं बदलून आहेत. पाचव्या महिन्यात दुसऱ्या रिमोटचं बी बटण रुतलं. उघडून रबर पुसलं, चाललं. कॅसेटवर फुंकर मारू नका, ओलाव्याने पट्ट्या गंजतात. इअरबडला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा. माझ्या सातपैकी पाच कॅसेट तशा जिवंत झाल्या.

कॉन्ट्राची तिसरी स्टेज धबधब्याची. एकजण भराभर वर चढला की स्क्रीनही वर सरकते आणि खाली राहिलेला मरतो. ताई कधीच थांबायची नाही. "ताई, थांब ना!" म्हणेपर्यंत माझा जीव गेलेला असायचा. ३० जीवांचा कोड, वर वर खाली खाली डावं उजवं डावं उजवं बी ए, तिनेच माझ्या गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून दिला होता. आता माझी नऊ वर्षांची मुलगी माझ्याबरोबर खेळते. ती प्रत्येक कपारीवर थांबते, मी पोचल्याशिवाय पुढची उडी घेत नाही. गेल्या रविवारी आम्ही दोघं कोड न वापरता धबधब्याच्या वर पोचलो. तिथल्या राक्षसाने आधी मला मारलं, मग तिला. तिने लगेच स्टार्ट दाबलं.