सोळा चॅनल आणि एक क्लॉक : आठ महिन्यांच्या वापरानंतर

विंडोजचा लॅपटॉप, आठ प्रीअँपचा (माइकचा क्षीण सिग्नल वाढवणारं सर्किट) यूएसबी इंटरफेस (आवाज डिजिटल करून लॅपटॉपला देणारा डबा), त्याला ऑप्टिकल केबलने जोडलेला आणखी आठ प्रीअँपचा वेगळा डबा, आणि रीपर हे रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर. या जुळणीवर भजन, संबळ, ढोलकी असं बरंच काही सोळा ट्रॅकवर घेऊन झालं. ठाम मत असं की आवाजात टिकटिक आली की सगळे आधी बफर (आवाज तात्पुरता साठवायची जागा) वाढवतात, पण आधी क्लॉक, म्हणजे आवाजाचे नमुने (सॅम्पल) किती वेगाने घ्यायचे ते ठरवणारं डब्यातलं घड्याळ, बघायला हवं.

दोन्ही डबे 'इंटर्नल' क्लॉकवर राहिले, तर त्यांना ताल देणारे दोन क्रिस्टल कधीच तंतोतंत एका वेगाने चालत नाहीत. घेणाऱ्या बाजूला सॅम्पल कधी कमी पडतात, कधी जास्त होतात, आणि अधूनमधून टिक ऐकू येते. ओळखायची खूण पक्की आहे : टिक फक्त ९ ते १६ चॅनलवर, म्हणजे दुसऱ्या डब्याच्या चॅनलवर, येते आणि बफर कितीही वाढवला तरी जात नाही. प्रीअँपकडून इंटरफेसकडे एकच ऑप्टिकल केबल असेल, तर प्रीअँप इंटर्नल ४८ किलोहर्ट्झवर ठेवा आणि इंटरफेसच्या कंट्रोल पॅनेलमध्ये सिंक सोर्स 'एडॅट' (ऑप्टिकल केबलवरून येणारं क्लॉक) करा. 'लॉक्ड' दिसल्याशिवाय रेकॉर्ड दाबू नका. चालू करताना प्रीअँप आधी, मग इंटरफेस. ९६ किलोहर्ट्झवर गेलात तर त्याच केबलमधून आठऐवजी चारच चॅनल येतात, म्हणून सोळा हवे असतील तर ४८ बरं.

दोन वेगळे यूएसबी इंटरफेस एएसआयओफोरऑल या ड्रायव्हरने एकत्र बांधायचा मोह टाळा. त्यात सामायिक क्लॉक नसतं. दोन क्रिस्टलमध्ये दशलक्षात ५० चा फरक धरला तरी तासाभरात दोन्हींचे ट्रॅक एकमेकांपासून १८० मिलिसेकंदांनी सरकतात. टाळांच्या ठोक्याला ते सगळ्यात आधी कळतं : एकाच ठोक्याचे दोन आवाज ऐकू येतात.

ड्रायव्हर उत्पादकाच्याच साइटवरचा, इंटरफेस जोडायच्या आधी बसवलेला. विंडोज १० च्या १७०३ आवृत्तीपासून यूएसबी ऑडिओ २ चा स्वतःचा ड्रायव्हर येतो. तो बसला तर आवाज येतो, पण रीपरच्या यादीत उत्पादकाचा एएसआयओ (रेकॉर्डिंगसाठीचा कमी विलंबाचा ड्रायव्हर) दिसत नाही. विंडोजचं डीफॉल्ट साउंड डिव्हाइस लॅपटॉपच्या स्पीकरवरच ठेवा. नाहीतर ब्राउझर मध्येच ४४.१ किलोहर्ट्झ मागतो आणि प्रोजेक्टचा सॅम्पल रेट बदलण्याची वेळ येते.

आता बफर. ४८ किलोहर्ट्झवर १२८ सॅम्पल म्हणजे एका दिशेने २.६७ मिलिसेकंद, ५१२ म्हणजे १०.६७. प्रत्यक्ष जाऊन-येऊन वेळ दुपटीपेक्षाही जास्त असते, कारण कन्व्हर्टर आणि यूएसबीचा राखीव बफर त्यात मिळतो. पण गायकाला हेडफोनमध्ये इंटरफेसच्या स्वतःच्या मिक्सरमधून ऐकवलं, तर लेटन्सीचा (आवाज उशिरा ऐकू येण्याचा) प्रश्नच उरत नाही. मग रेकॉर्डिंगला ५१२ खुशाल ठेवा. सोळा चॅनल लाइव्ह घेताना १२८ चा हट्ट धरणं मला चुकीचं वाटतं. गेलेला टेक परत मिळत नाही.

क्लॉक नीट असूनही सगळ्या चॅनलवर एकदम खरखर आली, तर लेटन्सीमॉन (कोणता ड्रायव्हर अडथळा आणतो ते दाखवणारं सॉफ्टवेअर) दहा मिनिटं चालवा. त्याने ndis.sys वर (नेटवर्कचा ड्रायव्हर) बोट दाखवलं तर वाय-फाय बंद करा. पॉवर प्लॅन 'हाय परफॉर्मन्स', यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद, आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रत्येक रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमधली वीज वाचवण्याची खूण काढा. इंटरफेस थेट लॅपटॉपच्या पोर्टला, हबवर नको. चार्जर लावलेला असू द्या.

ओव्हरडब (आधीचा ट्रॅक ऐकत त्यावर नवा घेणं) करणार असाल तर आउटपुट एकची केबल इनपुट एकमध्ये घालून क्लिक रेकॉर्ड करा. मूळ आणि नवी क्लिक यांतलं अंतर सॅम्पलमध्ये मोजून रीपरच्या रेकॉर्डिंग सेटिंगमध्ये मॅन्युअल ऑफसेट म्हणून भरा. ड्रायव्हर सांगतो ती लेटन्सी दर वेळी खरी नसते, आणि बफर बदलला की मोजमाप पुन्हा करावं लागतं.

जागेचा हिशेब : २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, सोळा मोनो ट्रॅक, म्हणजे तासाला साधारण ८.३ जीबी. यूएसबी पेनड्राइव्हवर घेऊ नका, अंतर्गत एसएसडीवरच घ्या.