गोव्याच्या उन्हात पूलचं क्लोरीन: हायपो, टॅब्लेट की सॉल्ट सिस्टिम?

मार्च संपत आला की शिवोली-आसगावपासून फोंड्यापर्यंत, घरी स्विमिंग पूल असणाऱ्या सगळ्यांचं गाऱ्हाणं एकच असतं: सकाळी क्लोरीन घातलं, दुपारी तपासलं तर काहीच नाही. मग माल बनावट असेल म्हणून दुकानदार बदलतात, डोस दुप्पट करतात, आणि मे उजाडेपर्यंत कुणीतरी सॉल्ट सिस्टिम (मिठापासून पूलमध्येच क्लोरीन बनवणारं यंत्र) बसवायचा सल्ला देतं. एवढा पैसा घालण्याआधी आपलं ऊन, आपला पाऊस आणि घरात रोज कोण असतं, हे तिन्ही हिशेबात धरा. माहितीपत्रकात यातलं काही सापडत नाही.

मूळ दोष उन्हाचा. उन्हातले अतिनील किरण पाण्यातलं मोकळं, म्हणजे कशात न अडकलेलं, कामाचं क्लोरीन तोडतात. स्टॅबिलायझर (क्लोरीनला उन्हापासून वाचवणारं रसायन) नसलेल्या पाण्यातलं निम्मं क्लोरीन भर उन्हात पाऊण-एक तासात जातं, आणि दुपारपर्यंत हाती काही उरत नाही. पाणी ३०-३२ अंशांपर्यंत तापलं की शेवाळही जोमानं वाढतं आणि तेही क्लोरीन खातं, पण मोठा वाटा उन्हाचाच. म्हणून सकाळी आठला डोस टाकून जायची जी पद्धत सगळीकडे पडली आहे, ती उन्हाळ्यात सरळसरळ नुकसानीची आहे. डोस सूर्य मावळल्यावर घालावा आणि पंप तासभर तरी चालू ठेवावा. रात्रभर क्लोरीनला काम करायला मिळतं. या बदलाला एक पैसाही लागत नाही.

तुलनेत शिरण्याआधी एक चाचणी कराच. ऊन उतरल्यावर मोकळं क्लोरीन मोजा आणि पहाटे, ऊन पडायच्या आत, पुन्हा मोजा. रात्रीत १ पीपीएमपेक्षा (लिटरमागे १ मिलिग्रॅमपेक्षा) जास्त घटलं असेल तर दोष उन्हाचा नाही. पाण्यात शेवाळ धरलंय किंवा आंब्याचा मोहोर, पालापाचोळा फिल्टरमध्ये कुजतोय. ते आधी साफ करा, नाहीतर खाली दिलेला कुठलाही पर्याय घेतलात तरी फरक पडणार नाही. मोजायला गुलाबी रंग देणारं डीपीडी किट घ्या. पिवळा रंग देणारं स्वस्त किट एकूण क्लोरीन दाखवतं. त्यातलं कामाचं किती आणि घाम-मुतात अडकून वाया गेलेलं किती, हे त्यावरून कळत नाही.

आता स्टॅबिलायझर, म्हणजे सायन्युरिक ॲसिड. ते क्लोरीनला धरून ठेवतं आणि उन्हापासून वाचवतं. उघड्यावरच्या पूलला ३० ते ५० पीपीएम पुरतं. घरगुती पूल साधारण ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि सरासरी १.४ मीटर खोल धरू, म्हणजे सुमारे ४५,००० लिटर पाणी. त्यात ४० पीपीएमसाठी १ किलो ८०० ग्रॅम पावडर लागते. ती नुसती ओतली तर तळाशी बसून राहते. जुन्या पायमोज्यात भरून, पाणी परत येतं त्या तोंडासमोर टांगायची आणि अधूनमधून हातानं दाबायची. विरघळायला दोन-चार दिवस लागतात. यानंतरही मे महिन्यात रोज २-३ पीपीएम जाणारच, पण संध्याकाळी ५ पीपीएमच्या आसपास ठेवलेलं क्लोरीन दुसऱ्या संध्याकाळी २-३ पीपीएमवर तरी असतं. स्टॅबिलायझर शून्य असताना हायपो (सोडियम हायपोक्लोराइटचं द्रावण) चांगलं की टॅब्लेट, ही चर्चाच व्यर्थ आहे.

रोज ३ पीपीएमची भर घालायची तर याच पूलला १० टक्क्यांचं लिक्विड हायपो जवळजवळ १ लिटर ३५० मिली लागतं, ६५ टक्क्यांचं कॅल-हायपो (कॅल्शियम हायपोक्लोराइट) दोनशे ग्रॅमच्या वर थोडं, आणि ९० टक्क्यांची टीसीसीए (ट्रायक्लोरोआयसोसायन्युरिक ॲसिड) टॅब्लेट दीडशे ग्रॅम. क्लोरीन तिन्हींतून सारखंच मिळतं. फरक पडतो तो प्रत्येक जण पाण्यात मागे काय सोडून जातो, यावर.

हायपो मागे थोडं मीठ सोडतं, बाकी काही नाही. क्लोरीनच्या मानाने ते बहुधा सगळ्यांत स्वस्तही पडतं. पण ते कॅनमध्येच मरत जातं. तापमान दर १० अंशांनी वाढलं की त्याच्या विघटनाचा वेग तीन-साडेतीन पट होतो. पंप-रूमच्या पत्र्याखाली महिनाभर ठेवलेल्या कॅनवर १० टक्के लिहिलेलं असलं तरी आत त्याच्या निम्मंही नसेल. त्यामुळे उन्हाळ्यात दोन आठवड्यांपुरतंच आणा, दिवसभर सावली असलेल्या जागी ठेवा, आणि उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीतला माल घेऊ नका. रोज हाताने घालावं लागतं, ही त्याची खरी अडचण.

टॅब्लेट याच्या नेमक्या उलट. डबा वर्षभर टिकतो, तरंगत्या फ्लोटरमध्ये दोन-तीन ठेवल्या की आठवडाभर हळूहळू विरघळतात. सोय मोठी आहे. पण टीसीसीएतून १० पीपीएम क्लोरीन मिळालं की पाण्यात ६ पीपीएम स्टॅबिलायझरही जमा होतं. रोजचे ३ पीपीएम म्हणजे महिन्याला ९०, म्हणजे महिन्याला जवळजवळ ५५ पीपीएम स्टॅबिलायझर. मार्च ते मे फक्त टॅब्लेट वापरल्या तर आकडा दीडशेच्या वर जातो. तेव्हा किटवर क्लोरीन छान दिसतं, पण ते इतकं घट्ट बांधलं गेलेलं असतं की पायऱ्यांच्या कोपऱ्यात हिरवट बुळबुळीतपणा येऊ लागतो. उपाय एकच, पाणी काढून टाकणं. मे महिन्यात, विहिरी तळाला गेलेल्या असताना आणि टँकरची वाट बघत असताना, हे परवडत नाही. बाष्पीभवनाने पाणी जातं, स्टॅबिलायझर तसाच राहतो. शिवाय टॅब्लेट आम्लधर्मी असतात; आपल्या चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, जमिनीतल्या विहिरींचं पाणी बहुतेक मुळातच मऊ आणि कमी पीएचचं, त्यामुळे टाइल्सच्या सांध्यांवर लक्ष ठेवावं लागतं.

आणि इथेच गोव्याचा पाऊस मदतीला येतो. वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस, बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरात, म्हणजे पूलच्या खोलीच्या जवळजवळ दुप्पट. ओव्हरफ्लो मोकळा ठेवला तर सप्टेंबरअखेर जुन्या पाण्यातला पाचवा हिस्सा राहिला तरी पुष्कळ. म्हणजे टॅब्लेट वापरायच्याच असतील तर त्या पावसाच्या तोंडावर, एप्रिलच्या मध्यापासून वापराव्यात. साचलेलं स्टॅबिलायझर पाऊस धुऊन नेतो. ऑक्टोबरपासून टॅब्लेटवर राहिलात तर पुढच्या पावसापर्यंत सुटका नाही.

कॅल-हायपोबद्दल थोडक्यात. ते पाण्यात कॅल्शियम वाढवतं. जिथे पाणी जड, तिथे हा दोष. आपल्या मऊ पाण्याला ते चालतं. बादलीभर पाण्यात आधी विरघळवून मगच घालावं, नाहीतर टाइल्सवर पांढरे डाग पडतात. पण टॅब्लेटच्या फ्लोटरमध्ये किंवा फीडरमध्ये कॅल-हायपो कधीही टाकू नका. ही दोन रसायनं एकत्र आली की स्फोट होऊ शकतो. एकच चमचा दोन्ही डब्यांत घालणंसुद्धा धोक्याचं. आणि ॲसिड या सगळ्यांपासून लांब. हायपोत ॲसिड पडलं की विषारी वायू तयार होतो.

सॉल्ट सिस्टिम म्हणजे क्लोरीनमुक्त पूल, असं विकणारे सांगतात ते खरं नाही. पाण्यातल्या मिठापासून यंत्रातला विजेवर चालणारा सेल क्लोरीनच बनवतो, फक्त दिवसभर थोडं थोडं. पाणी अंगाला मऊ लागतं, कॅन उचलावे लागत नाहीत, रोजचं विसरणं संपतं. हा फायदा खराच आहे. स्टॅबिलायझर मात्र इथेही लागतं, किंबहुना जास्त, ६० ते ८० पीपीएम. आपल्या पूलला सुरुवातीला १३५ ते १६० किलो मीठ पडेल, आणि ज्या पावसाने टॅब्लेटवाल्याची अडचण सोडवली तोच पाऊस हे मीठ वाहून नेईल. दर ऑक्टोबरला बहुतेक सगळं पुन्हा भरा. आगरवाड्याच्या मिठागरातलं मीठ लोणच्याला आणि सुक्या मासळीला उत्तम, पण सेलला नको. त्यातल्या मॅग्नेशियम-कॅल्शियममुळे सेलवर थर चढतो. शुद्ध, आयोडीन नसलेलं मीठच घ्यावं. पीएच सतत वर जातो, म्हणून ॲसिड लागत राहतं. पंप बंद तर क्लोरीन बंद, म्हणजे वीज गेलेल्या दुपारी काही तयार होत नाही. पूलच्या कडेला उघडा चिरा असेल तर मिठाचं पाणी त्यात मुरतं, सुकतं, आणि दगडाचे पापुद्रे हातात येऊ लागतात. सेलही काही वर्षांनी बदलावाच लागतो.

या सगळ्यांच्या जोडीला सावली. नर्सरीवाले वापरतात ते हिरवं शेडनेट पूलच्या पश्चिमेला ताणलं तर दुपारनंतरचं ऊन अडतं. झाकण-कव्हर बाष्पीभवन खूपच कमी करतं आणि टँकरचे पैसे वाचवतं, पण पाणी तापवतं. घरात लहान मुलं असतील तर सैल कव्हर मी कधीच सुचवणार नाही.

माझं मत सांगते. घरात रोज कुणी असेल तर हायपो, संध्याकाळी, चाळीसच्या आसपास स्टॅबिलायझर ठेवून. पुण्या-बेळगावहून येणाऱ्यांचं घर असेल आणि पूल सांभाळणारा माणूस आठवड्यातून दोनदाच येत असेल, तर हिवाळ्यात त्या दोन दिवशी हायपो आणि एप्रिलच्या मध्यापासून टॅब्लेट. सॉल्ट सिस्टिम पाहुण्यांना भाड्याने देत असलेल्या, वर्षभर भरलेल्या घरालाच शोभते, तीही कडेला चिऱ्याऐवजी ग्रॅनाइट असेल तर. कुठलाही पर्याय घ्या, पाऊस सरल्यावर स्टॅबिलायझर पहिल्यांदा मोजा. ऑक्टोबरचं ऊन मेपेक्षा फारसं मागे नसतं, आणि पाण्यात तेव्हा ते जवळजवळ उरलेलं नसतं.