ती मला स्टॉप लॉस लावायला शिकवत होती

तिचा पहिला मेसेज केकबद्दल होता. "ताई, तुमचा लेमन केक दुसऱ्या दिवशीही इतका ओलसर कसा राहतो? माझा संध्याकाळपर्यंत कोरडा पडतो."

एका ऑनलाइन बेकिंग वर्गाच्या ग्रुपमध्ये तिचा नंबर होता, त्यामुळे परका माणूस वाटला नाही. मी मनापासून उत्तर दिलं. लोण्याऐवजी तेल घे. लोणी थंड झालं की घट्ट होतं, तेल पातळच राहतं. लिंबाची साल किसताना फक्त पिवळा भाग घे, पांढरा आला की कडवटपणा आलाच. तो कीस साखरेत घालून बोटांनी चोळ, साखर ओलसर होऊन वास सुटेपर्यंत. दही आणि सोडा एकत्र आले की लगेच बुडबुडे सुटतात, तेव्हा मिश्रण ताटकळत ठेवू नकोस. आणि केक ओव्हनमधून काढल्याबरोबर, गरम असतानाच, काडीने भोकं पाडून लिंबाचा रस आणि साखरेचा पाक चमच्याचमच्याने जिरव.

दोन दिवसांनी तिने फोटो पाठवला, "तुमच्या कृतीने केला!" म्हणून. पाक जिरवलेला केक कापला की वरच्या कडेखाली एक ओली, जराशी गडद पट्टी दिसते. तिच्या कापात ती नव्हती. वरपासून खालपर्यंत गर सारखाच फिकट आणि भुसभुशीत. मला ते दिसलं होतं. पाक कमी घातला असेल, असं म्हणून मी सोडून दिलं. पुढे तोच फोटो इमेज सर्चमध्ये टाकला तेव्हा तो दुसऱ्याच कुणाचा, बराच जुना निघाला.

पाच आठवडे ती केकशिवाय दुसरं काही बोलली नाही. मग एकदा सहज म्हणाली, की ओव्हनचा खर्च ती करन्सी ट्रेडिंगमधून काढते. मी नको म्हटलं. तिने अजिबात आग्रह केला नाही. उलट म्हणाली, "बरोबर आहे ताई, बहुतेक लोक यात पैसे घालवतात. मी फार जपून करते." या एका वाक्याने माझा विश्वास बसला. झटपट श्रीमंतीची आमिषं मी लांबूनच ओळखते. ही तर सावधपणा शिकवत होती.

तिने शिकवलेलं सगळं खरं होतं, आणि म्हणूनच हे लिहिते आहे. एका सौद्यात खात्यातल्या रकमेच्या १ टक्क्यापेक्षा जास्त धोका घ्यायचा नाही. खात्यात २५० डॉलर असतील तर तो धोका अडीच डॉलर. युरो-डॉलरच्या जोडीत मायक्रो लॉट म्हणजे १,००० युरोचा सौदा, त्यात एक पिप (दरातला ०.०००१ चा बदल) १० सेंटचा. म्हणजे स्टॉप लॉस, तोटा ठरलेल्या मर्यादेपर्यंत गेला की सौदा आपोआप बंद करणारी सूचना, २५ पिपवर. निम्मे पैसे गेले तर मूळ रकमेवर यायला शंभर टक्के कमवावे लागतात, हेही तिनेच समजावलं. मी वहीत लिहून घेत होते. कुठल्याही चांगल्या पुस्तकात हेच सापडेल.

तिने सांगितलेल्या ट्रेडिंगच्या वेबसाइटवर मी २५० डॉलर भरले. दोन आठवड्यांनी ६० डॉलर काढून बघितले, ते एका दिवसात हातात आले. तिनेच म्हटलं होतं, "ताई, आधी काढून बघा, मगच विश्वास ठेवा." ते ६० डॉलर माझेच होते आणि त्यांच्या दृष्टीने तो गळाला लावलेला तुकडा होता, हे आता कळतं. त्यानंतर मी २,००० भरले, नंतर ६,०००. पैसे पाठवायचे ते टीथर या डॉलरशी जोडलेल्या क्रिप्टो चलनात, एका वॉलेटच्या पत्त्यावर. बँकेतून थेट का नाही, असं विचारलं तर "लवकर पोहोचतात" एवढंच उत्तर मिळालं.

सौदा किती मोठा, स्टॉप लॉस कुठे, हे मी रोज तपासत होते. पैसे प्रत्यक्षात कुणाकडे आहेत, हे एकदाही तपासलं नाही. पडद्यावर हलणारे आकडे आणि खरा बाजार या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

खुणा मात्र समोर होत्या. वेबसाइटवर ब्रिटनच्या एफसीए या नियामकाचा नोंदणी क्रमांक दिला होता. मी तो एफसीएच्या सार्वजनिक नोंदवहीत टाकला, एक कंपनी निघाली, मी समाधानाने खिडकी बंद केली. त्या नोंदीतला वेबसाइटचा पत्ता आणि मी पैसे भरत होते तो पत्ता जुळवून पाहिला नाही. क्रमांक खराच होता, पण दुसऱ्याच एका प्रामाणिक कंपनीचा. अशा तोतया कंपन्यांबद्दल एफसीए स्वतःच सावध करते आणि सांगते, की संपर्क साधायचा तो नोंदवहीतल्याच नंबरवर. समोरच्याने दिलेल्या नंबरवर नाही.

दुसरी खूण खात्याच्या माहितीत होती: लिव्हरेज १:५००, म्हणजे स्वतःच्या एका डॉलरवर पाचशे डॉलरचा सौदा. मग बाजार ०.२ टक्के उलटा गेला तरी सौद्यामागे लावलेले स्वतःचे पैसे, म्हणजे मार्जिन, सगळं साफ. ती म्हणायची, "आपण वापरायचंच नाही ना तेवढं." पण मुद्दा तो नव्हताच. ब्रिटनमध्ये आणि युरोपीय संघात सामान्य ग्राहकाला मोठ्या चलनजोड्यांवर १:३० पेक्षा जास्त देताच येत नाही. युरोपात हा नियम २०१८ मध्ये आला, ब्रिटनने २०१९ मध्ये तो कायम केला. ब्रिटिश परवाना दाखवणारी कंपनी माझ्यासारख्या नवख्या बाईला १:५०० देते, म्हणजे दोन्हींपैकी एक गोष्ट खोटी असणारच.

तिसरी खूण सगळ्यात उघडी होती. सौद्यांच्या यादीत तीन सौदे शनिवारी दुपारचे होते, तिन्ही नफ्यात. चलनबाजार न्यूयॉर्कच्या वेळेनुसार शुक्रवारी संध्याकाळी ५ वाजता बंद होतो तो रविवारी संध्याकाळी उघडतो. शनिवारी दुपारी युरो-डॉलरचा सौदा होतो कुठे? सगळं संपल्यावर तारखांपुढे वार लिहायला बसले तेव्हा लक्षात आलं, आणि हातातला पेन खाली ठेवून मी कितीतरी वेळ नुसती बसून राहिले.

आणखी एक गोष्ट. माझे तोट्यातले सौदे (विश्वास बसावा म्हणून तेही अधूनमधून असायचे) दरवेळी स्टॉप लॉसच्या आकड्यावर, शेवटच्या अंकापर्यंत बरोबर बंद झालेले. खऱ्या बाजारात दर उडी मारतो तेव्हा स्टॉप लॉस ठरवलेल्या जागी मिळतोच असं नाही. १५ जानेवारी २०१५ ला स्वित्झर्लंडच्या मध्यवर्ती बँकेने युरोमागे १.२० फ्रँकची मर्यादा अचानक काढली, तेव्हा कितीतरी जणांचे सौदे लावलेल्या स्टॉप लॉसच्या खूप खाली बंद झाले होते. कधीच न घसरणारा स्टॉप लॉस पाहून मला शंका यायला हवी होती. मला ती शिस्त वाटली.

खात्यात ११,९०० डॉलर दिसू लागले तेव्हा मी सगळे काढायचं ठरवलं. उत्तर आलं: नफा ३,७१० डॉलर, त्यावर २० टक्के कर, म्हणजे ७४२ डॉलर आधी भरा. माझेच पैसे तुमच्याकडे आहेत, त्यातून कापून घ्या, असं मी लिहिलं. "नियमात बसत नाही." मी तेही भरले. लगेच १,२०० डॉलर पडताळणी शुल्क मागितलं, तेव्हा मी थांबले. पैसे परत देण्याआधी आणखी पैसे मागितले, की तिथेच थांबा. जे भरलंय ते वाचवण्यासाठी एक डॉलरही पुढे टाकू नका. माझे एकूण ८,९३२ डॉलर गेले.

आठवडाभरात एका "वसुली तज्ज्ञा"चा मेसेज आला. रक्कम त्याला डॉलरपर्यंत बरोबर माहीत होती, फी आगाऊ हवी होती. ही माहिती ज्यांनी लुटलं त्यांच्याकडूनच बाहेर जाते. त्याला उत्तर न देता मी चॅटचे स्क्रीनशॉट, वॉलेटचा पत्ता आणि व्यवहारांचे क्रमांक जपून ठेवले, सायबर पोलिसांत तक्रार केली आणि बँकेला लेखी कळवलं. पैसे परत आलेले नाहीत.

मग मी बेकिंगच्या ग्रुपवर सगळं लिहिलं. तासाभरात दोघींचे मला वेगळे मेसेज आले. एकीने ४०० डॉलर भरले होते, दुसरी त्याच आठवड्यात भरणार होती. दोघींनी तिचा पहिला मेसेज मला पुढे पाठवला. "ताई, तुमचा केक दुसऱ्या दिवशीही इतका ओलसर कसा राहतो? माझा संध्याकाळपर्यंत कोरडा पडतो."