लातूरच्या गंजगोलाईमागचा रद्दी-भंगारवाला: चार स्टार, पाचवा पुठ्ठ्यापायी गेला

महालक्ष्म्या पंधरा दिवसांवर आल्या आणि हॉलमध्ये त्यांना उभं करायला जागाच नाही हे लक्षात आलं. म्हणजे जागा होती हो, पण तिथं टीपॉय, टीपॉयवर कागद, खाली कागद, कोपऱ्यात बंद कूलर अन् कूलरवर घडी न केलेले कपडे. मी नोकरी करते, दोन टाइमचा स्वयंपाक, आत्याबाईंच्या गोळ्या, आणि वर रोज सकाळी अर्धा तास शोधाशोध, कधी चावी कधी लाइट बिल कधी ह्यांचा चष्मा. शेवटी ऑफिसातल्या मैत्रिणीनं नंबर दिला, हे लोक घरी येऊन सगळं वेगळं करून वजन करून नेतात.

आधी तक्रार. शनिवारी येतो म्हणाले, मी सुट्टी टाकून बसले, आले सोमवारी, फोन उचलायचं नाव नाही. पुठ्ठ्याचं वजन करताना "ओल धरलीय" म्हणून दोन किलो कापले. लातुरात आणि ओल!

पण काम मात्र मानलं. नीटचं, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचं, लेकरू असलेल्या घरात काय साचतं ते लातूरकरांना सांगायला नको. दिवाण उघडला तर टेस्टचे पेपर, झेरॉक्स नोट्स, भरलेल्या ओएमआर शीट, पोरगा मेडिकलला जाऊन वर्ष झालं तरी सगळं तिथंच. मी म्हटलं घाला सगळं काट्यावर. भंगारवाल्या काकांनी गाइडं बाजूला काढली, म्हणाले, "ताई, ही किलोवर देऊ नका, गरीब लेकरं निम्म्या किमतीत नेतात." २०२४ ला सिलॅबस कमी झाला, त्याच्या आधीची मात्र कुणी विचारत नाही म्हणे, ती रद्दीतच. जुना डबा टीव्ही होता, त्याचे पैसे मिळणार नाहीत हे तोंडावर सांगितलं, काचेत शिसं असतं, फोडू नका, मी वेगळा पोचवतो. बाकीचे भंगारवाले तांब्याच्या तारेसाठी दारातच फोडून मोकळे होतात आणि काच आपण झाडायची.

खरी गंमत व्हरांड्यात झाली. तिथं दोनशे लिटरचे चार निळे ड्रम होते. एप्रिल २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ना लातूरला, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर, त्या उन्हाळ्यातले हे ड्रम. आता त्यात काय तर एकात पोती, एकात तुटक्या चपला, दोन रिकामे. काका म्हणाले, "काय करलालाव ह्यांचं?" आणि मला उत्तरच येईना. पाणी गेलं तर, एवढंच डोक्यात. तीन दिले, एक ठेवला, तो काही सुटला नाही माझ्याच्यानं.

आत्याबाईंच्या ट्रंकेला मात्र काकांनी हातही लावला नाही. आत्याबाईंचं माहेर किल्लारीकडचं, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात घर गेलं, त्या ढिगाऱ्यातून निघालेली चार भांडी आहेत तिच्यात, चेपलेली. पितळेला भाव चांगला आहे हे काकांना माझ्यापेक्षा जास्त माहीत, पण नुसतं विचारलं, "मावशी, हे ऱ्हाऊ द्यायचं ना?" आणि पुढं गेले. ह्या एका गोष्टीसाठी मी शनिवार माफ केला.

जुने कपडे मात्र ह्यांच्याकडं देता येत नाहीत, आणि भांडेवालीला द्यायच्या नादाला लागू नका, मागच्या वर्षी सात साड्या देऊन दोन पातेली घेतली, मागच्या दारानं पसारा काढला अन् पुढच्या दारानं आत घेतला.

एकूण अकराशे चाळीस रुपये आले, त्यातून महालक्ष्म्यांना गजरे अन् फुलोऱ्याचं सामान. हॉलमध्ये दोघी ऐसपैस उभ्या राहिल्या. ड्रम होते तिथं आता बाज टाकलीय, आत्याबाई दुपारी तिथंच लवंडतात, मी पण संध्याकाळी चहा घेऊन बसते दहा मिनटं, मोबाइल आत ठेवून. बिलं आता एकाच डब्यात असतात. चष्मा अजून रोज हरवतो, त्याला भंगारवाला काय करणार.

बोलवायचं असेल तर आदल्या रात्री फोन करून पक्कं करा, सकाळी परत करा, आणि पुठ्ठा दोन दिवस गच्चीवर उन्हात टाकून ठेवा.