घडीचा चाकू, व्हिडिओ रिव्ह्यू आणि माझे १,८९९ रुपये

घडीचा चाकू घ्यायचा म्हणून व्हिडिओ रिव्ह्यू बघत बसला असाल, तर आधी एवढं वाचा. मी १,८९९ रुपयांना एक चाकू मागवला. पात्यावर ‘डी-टू’ (धार टिकणाऱ्या एका कडक पोलादाचं नाव) कोरलेलं, खोक्यावर ‘६० एचआरसी’ (रॉकवेल मापातला कडकपणा) छापलेलं, आणि ज्याच्या भरवशावर घेतला त्या हिंदी चॅनेलवाल्याचे सबस्क्रायबर लाखांत. पातं डी-टूचं नाही, कडकपणा साठच्या जवळपासही नाही, आणि उघडलेलं पातं मिटू नये म्हणून आत जी पट्टी असते तीही धड बसत नाही. हे अंदाजाने म्हणत नाहीये. बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, तपासून घेतलंय, कागद हातात आहे.

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या बाईला चाकू हवा कशाला, असं वाटलं असेल तर सांगते. जानेवारीत उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या, सुमारास गुजरातभर करुणा अभियान असतं. मांज्यात अडकलेले पक्षी सोडवायचे आणि उपचाराला पोचवायचे. बडोद्यात आमचा चारचौघांचा गट त्यात असतो. पक्ष्याच्या अंगाशी चाकू कोणी नेत नाही, तिथे बोथट टोकाची कात्रीच. चाकू लागतो तो फांद्यांना, अगाशीच्या कठड्याला, डिशच्या दांड्याला गुरफटलेला मांजा कापायला आणि पक्षी न्यायच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांना हवेसाठी भोकं पाडायला. नायलॉनच्या मांज्यावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, तरी दरवर्षी झाडावरून उतरवलेल्या गुंत्यात तो असतोच. साध्या चाकूची धार त्याच्यावर दोन दिवस टिकत नाही. म्हणून म्हटलं, यंदा एक चांगला घेऊ.

बरेच व्हिडिओ बघितले. त्यातला हा मनात भरला, कारण बाकीचे नुसते बोलत होते आणि हा ‘टेस्ट’ करत होता. आधी कागद सरसर कापला. मग टोमॅटोची पारदर्शक चकती. मग हातावरचे केस भादरून दाखवले. पाण्याची बाटली एका घावात आडवी. लोहचुंबक लावला, तो चिकटला, ‘असली स्टील’. पात्याची पाठ टेबलावर टकटक आपटली, ‘लॉक एकदम टाइट’. आणि शेवटी कमालच. चाकू रात्रभर मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवला, सकाळी पांढऱ्या फडक्याने पुसला, फडकं कॅमेऱ्यासमोर धरलं: ‘एक दाग नहीं, यही है डी-टू की ताक़त!’ खाली लिंक, आणि त्याच्या नावाचं कूपन टाकलं की दहा टक्के सूट.

चाकू आला तेव्हा धार खरंच उत्तम होती. कागदही तसाच कापला. उत्तरायणाच्या आधी आमची खोकी तयार करायची गडबड चालू होती. टोक पुठ्ठ्यात खुपसलं, जरा जोर दिला, आणि पातं मिटलं ते थेट माझ्या तर्जनीवर. नख उभं चिरलं. तोवर धार पार गेली होती म्हणून बोट शाबूत राहिलं, तेवढाच काय तो त्या चाकूचा उपकार.

गल्लीत सायकलवर सराण घेऊन येणारा धारवाला आहे. त्याला दाखवला. चाकावर एकदा टेकवून तो म्हणाला, ‘‘बेन, आ तो पोचुं लोखंड छे.’’ म्हणजे मऊ लोखंड. धार लावून दिली, पण आठवड्याभरात पुन्हा तेच. पात्याची कड उजेडात धरली की दिसायचं, धार झिजलेली नव्हती, एका अंगाला मुडपली होती.

मग आमच्या वाड्यातल्या काकांकडे गेले. काकांची सगळी नोकरी मकरपुऱ्यात टूल रूममध्ये गेली. ‘डी-टू’ वाचून ते हसले. ‘‘अगं, हे आमचं एचसीएचसीआर, हाय कार्बन हाय क्रोमियम. जन्मभर याचेच पंच आणि डाय, म्हणजे पत्रा कापायचे साचे, केले मी. आण इकडे.’’ त्यांनी कपाटातून जुनी कानस काढली, मांडीवर वर्तमानपत्र पसरलं आणि पात्याच्या पाठीवर, धारेपासून लांब, कानस फिरवली. काही बोलले नाहीत. पुन्हा फिरवली. वर्तमानपत्रावर बारीक राखाडी कीस पडला होता. ‘‘हे बघ. साठ एचआरसी असतं तर कानस काचेवरून घसरावी तशी घसरली असती. ही तर चावतेय.’’

मी म्हटलं, मग झालंच की सिद्ध. काका म्हणाले, नाही झालं. डी-टूला उष्णता नीट दिली नाही, तर खरं डी-टूसुद्धा नरम राहतं. त्याला हजार अंशांच्या वर तापवावं लागतं, मग थंड करणं, मग पुन्हा ठरावीक तापमानाला टेंपर करणं, म्हणजे ठिसूळपणा जावा म्हणून बेताचं तापवणं. यातलं काही चुकलं तर धातू खरा आणि काम खोटं. दोन गोष्टी वेगळ्या तपासायच्या.

दुसऱ्या दिवशी ते मला त्यांच्या ओळखीच्या हीट ट्रीटमेंटवाल्याकडे घेऊन गेले. रॉकवेल यंत्र म्हणजे टेबलाएवढं काहीतरी असेल अशी माझी कल्पना. होतं ते शिवणयंत्रासारखं, उभं. खाली पातं सपाट ठेवायचं, वरून हिऱ्याचं टोक येतं, आधी दहा किलोचा हलका भार, मग दीडशे किलोचा, आणि टोक किती आत गेलं त्यावरून तबकडीवरचा काटा आकडा सांगतो. पात्यावर टाचणीच्या टोकाएवढा खड्डा राहतो. दोन-तीन ठिकाणी घेतलं, काटा त्रेपन्न-चोपन्नच्या मध्ये. चांगल्या डी-टूचा चाकू अठ्ठावन ते एकसष्टमध्ये असायला हवा.

मग स्पेक्ट्रो. ठिणगी पाडून धातूत काय काय आहे ते मोजतात, पात्यावर काळा गोल डाग पडतो. रिपोर्ट एका पानाचा. क्रोमियम तेरा टक्क्यांच्या आसपास, आणि कार्बन ०.३१. इथे काकांनी बोट ठेवलं. डी-टूमध्ये क्रोमियम बारा टक्क्यांच्या आसपासच असतं, म्हणजे त्या आकड्यावरून कोणी सहज फसेल. फरक कार्बनचा. डी-टूला तो दीड टक्क्याच्या घरात असतो, शिवाय मॉलिब्डेनम आणि व्हॅनेडियम असतं. माझ्या पात्यात ते नावापुरतंही नव्हतं. हे थ्री-सीआर-थर्टीनच्या जातीचं साधं स्टेनलेस. स्वस्तातल्या सुऱ्यांना वापरतात ते.

आता मिठाच्या पाण्याकडे या, कारण खरी गंमत तिथे आहे. डी-टू हे पुरतं स्टेनलेस नाही. त्यात क्रोमियम भरपूर असलं तरी दीड टक्का कार्बन त्यातलं बरंचसं धरून ठेवतो, त्याचे कडक कण बनतात. धार टिकते ती त्या कणांमुळे, पण गंज अडवायला मोकळं क्रोमियम कमी उरतं. पावसाळ्यात तेल न लावता ठेवलेल्या डायवर तांबूस ठिपके येतात, हे मकरपुऱ्यातला कुठलाही हेल्पर सांगेल. रात्रभर मिठाच्या पाण्यात राहिलेल्या, लेप नसलेल्या डी-टूच्या पात्यावर काहीतरी उमटायलाच हवं होतं. त्याचं फडकं पांढरंशुभ्र निघालं. म्हणजे ज्या टेस्टने मी भारावले, त्याच टेस्टने त्याच्या हातातला चाकूही डी-टूचा नाही हे सांगितलं होतं. बघणाऱ्यांत कोणाला कळलं नाही, आणि करणाऱ्याला तरी कळलं होतं की नाही, देव जाणे.

बाकीच्या टेस्टांचंही तेच. कागद, टोमॅटो, केस यांवर नव्या धारेची परीक्षा होते, धातूची नाही. काकूंची भाजीची सुरी काकांनी दगडावर पाच मिनिटं घासली आणि तिनेही केस भादरले. लोहचुंबक तर चाकूसाठी वापरतात त्या जवळजवळ प्रत्येक पोलादाला चिकटतो, विळीच्या पात्यालासुद्धा. लॉकचं म्हणाल तर टेबलावर टकटक करून काही समजत नाही. पातं उघडा आणि मुठीच्या फटीत टॉर्च मारून बघा, आतली पट्टी पात्याच्या बुडाशी किती सरकली आहे. माझ्या चाकूत ती जेमतेम कडेला टेकली होती. उघडलेलं पातं डाव्या-उजव्या बाजूला हलवलं तर डुगडुगतं का, तेही बघा.

रिपोर्टचा फोटो चॅनेलवाल्याला मेल केला. उत्तर आलं, तेही सभ्य भाषेत: ब्रँडने मला पाठवलेला पीस चांगला होता, तुमचा खराब निघाला असेल, त्यांच्याशी बोला. ‘ब्रँडने पाठवलेला’ हे व्हिडिओत कुठेच नव्हतं. वर कूपनवर त्याला कमिशन मिळत असणार. कमिशन घेणं गुन्हा नाही, लपवणं नियमाबाहेर आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने दिशाभूल करणाऱ्या जाहिराती आणि शिफारशींबद्दल जून २०२२ मध्ये नियम काढले, आणि जानेवारी २०२३ मध्ये इन्फ्लुएन्सरांसाठी सरकारने सोप्या भाषेत सूचनाही दिल्या. फुकट मिळालेली वस्तू हासुद्धा संबंधच धरतात. तो व्हिडिओतच, बोलून आणि लिहून, सांगायचा असतो. खालच्या मजकुरात कोपऱ्यात टाकून चालत नाही. दंड पहिल्यांदा दहा लाखांपर्यंत, पुन्हा केलं तर पन्नास लाखांपर्यंत. हे वाचलं तेव्हा मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

विकणाऱ्याचा पवित्रा ठरलेला: सात दिवस उलटले, वापरलेला माल परत घेत नाही. इथे शब्द सांभाळून लिहा. ‘चाकू खराब निघाला’ असं लिहिलंत की वापरलेल्या मालाचं कलम पुढे करतात. मी लिहिलं, ‘वर्णन एका पोलादाचं, माल दुसऱ्या पोलादाचा, सोबत रिपोर्ट.’ मग बाजू बदलली. आधी पुढच्या खरेदीवर कूपन देऊ केलं (परत कूपनच!), ते नाकारलं. २०२०च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निकाल महिन्याभरात द्यायचा असतो. पोचसुद्धा आली नाही तेव्हा १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. त्यानंतर फोन त्यांचाच आला. पैसे परत मिळाले, तपासणीचा खर्च गेला तो गेलाच.

मग कोणाच्याच व्हिडिओवर विश्वास ठेवायचा नाही का? तसं नाही. काही जण खरं काम करतात. एकाच जातीचा दोर किंवा पुठ्ठा मोजून कापतात, धार जाईपर्यंत कापतात, कंटाळवाणं असतं म्हणून बघणारे कमी. कारखान्यात हीच गोष्ट यंत्राने होते. आयएसओ ८४४२-५ प्रमाणे पातं रेती मिसळलेल्या पुठ्ठ्यावर पुन्हा पुन्हा चालवतात आणि प्रत्येक फेरीत किती खोल कापलं ते नोंदवतात. दुसरी खूण, जो माणूस स्वतःच्या पैशाने घेतलेला चाकू सहा महिन्यांनी पुन्हा काढून दाखवतो आणि त्याच्या खोडी सांगतो, त्याचं ऐकावं. दर आठवड्याला नवा चाकू आणि प्रत्येक चाकू ‘बेस्ट’ असेल, तर ते दुकान समजावं.

नरम पोलाद म्हणजे फसवणूक असंही नाही. १८८४ पासूनची व्हिक्टोरिनॉक्स आपली पाती छप्पन एचआरसीच्या आसपास ठेवते. त्याला धार पटकन लागते, गंज लागत नाही, आणि कोणी त्याला डी-टू म्हणून विकत नाही. काकांनी मला शेवटी तसलाच एक छोटा सुचवला. माझा वापर बघता साठ एचआरसीची गरजच नव्हती, हे त्यांचं म्हणणं मला अजून पुरतं पटलेलं नाही, पण चालतोय.

एक गोष्ट त्या व्हिडिओत आणखी होती, ‘फुल्ली लीगल, बिनधास्त जेब में रखो’. शस्त्र नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्यांचा उल्लेख आहे, घरगुती किंवा शेतीच्या अवजारांना सूट आहे, एवढ्यावर हे लोक ठोकून देतात. पण गुजरात पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली शहराचे पोलीस आयुक्त जाहीरनामे काढतात, आणि त्या काळात धारदार हत्यार घेऊन फिरता येत नाही. सणासुदीला तर हमखास. आम्ही चाकू पक्ष्यांच्या पेटीतच ठेवतो, गटाच्या ओळखपत्रासोबत. विमानात हातातल्या बॅगेत तर छोटाही चालत नाही.

चॅनेलवाल्याविरुद्ध प्राधिकरणाकडे वेगळी तक्रार केली आहे, ती अजून चालू आहे. परवा त्याचा व्हिडिओ पुन्हा उघडला. आहे तिथेच आहे, लिंकही आहे, फक्त मिठाच्या पाण्याचा भाग मधून कापलाय. मूळ व्हिडिओ मी मेल करण्याआधी फोनवर रेकॉर्ड करून ठेवला होता, तो आता तक्रारीला जोडला आहे. काही घेणार असाल तर पैसे भरण्याआधीच व्हिडिओ आणि विक्रीचं पान असं साठवून ठेवा, नंतर ते तसंच सापडेल याचा नेम नाही.