पोटॅश आणि युरिया: दोन पोती, दोन बंध

पऱ्हाटीला द्यायला आणलेली दोन पोती ओसरीत टेकवून ठेवली आहेत. एकात लालसर पोटॅश, दुसऱ्यात पांढरा युरिया. नववी-दहावीच्या पोरांना आयनिक आणि सहसंयुज बंध शिकवायला याहून सोपं काही नाही.

पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. पोटॅशियमच्या बाहेरच्या कक्षेत एकच इलेक्ट्रॉन. तो क्लोरीनला देऊन टाकतो. एक धन झाला, दुसरा ऋण; असे प्रभार आलेले अणू म्हणजे आयन, आणि विरुद्ध प्रभारांची ही ओढ म्हणजे आयनिक बंध. युरियात असं देणंघेणं नाही. कार्बन, ऑक्सिजन, नायट्रोजन, हायड्रोजन इलेक्ट्रॉन भागीदारीत वापरतात, बटईच्या वावरासारखे; हाच सहसंयुज बंध. त्याचा आठ अणूंचा सुटा रेणू बनतो.

फरक तापवल्यावर कळतो. युरिया १३३ अंश सेल्सिअसलाच वितळतो, पोटॅशला सुमारे ७७० लागतात. म्हणून सहसंयुज बंध कच्चा, असं मात्र नाही. वितळताना युरियाच्या रेणूंमधली ओढ सुटते, आतला बंध नव्हे. हिराही सहसंयुजच की!

दोन्ही पाण्यात विरघळतात. नऊ व्होल्टची बॅटरी आणि एलईडी जोडून दोन तारा पाण्यात बुडवा: पोटॅशच्या दाट द्रावणात सुटे आयन वीज वाहतात, दिवा लागतो. युरियात आयनच नाहीत, दिवा विझलेलाच. पाणी तेवढं डिस्टिल्ड घ्या. अकोला-अमरावतीच्या खारपाणपट्ट्यातलं बोअरचं पाणी घेतलंत, तर त्यातले क्षारच वीज वाहतील आणि युरियाचा पेलाही खोटी साक्ष देईल.